दारातली जुनी मोटारसायकल काय सांगते?



गेल्या खेपेला आपण उन्हाळ्यातल्या पाण्याच्या साठवणीबद्दल बोललो होतो. त्यावरची पत्रं अजून येताहेत. पण आज त्यांना बाजूला ठेवून तीन वेगळीच पत्रं हातात घेतली आहेत. एक आहे विजापूर रोडवरच्या भगिनीचं. त्या लिहितात, "आमच्या ह्यांची जुनी मोटारसायकल रोज दुपारी सात रस्त्याजवळ बंद पडते. मेकॅनिक म्हणतो, इंजिन उतरवावं लागेल, आठ हजार होतील. मुलीच्या कॉलेजची फी याच महिन्यात भरायची आहे. आधी काय करू?" दुसरं पत्र बार्शीचं आणि तिसरं इथलंच, पूर्व भागातलं. तिघींच्या दारात जुनी गाडी, आणि तिघींना एकच उत्तर मिळालेलं, 'इंजिन काम आहे'.

तुम्ही म्हणाल, बाई, स्वयंपाकघर सोडून एकदम गॅरेजात कुठे निघालात? पण मला सांगा, गाडीचा खर्च शेवटी कुठल्या डब्यातून जातो? आणि गाडीवर मागे मूल मांडीवर घेऊन कोण बसतं? म्हणून म्हटलं, आज गाडीच.

आधी माझीच फजिती सांगते. 1991 सालच्या चैत्रातली गोष्ट. आमची गाडी दोन स्ट्रोकची. नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण दोष गाडीचा नव्हता, आमच्या घाईचा होता. नुकतंच बोअर करून नवा पिस्टन घातला होता. मेकॅनिकने बजावलं होतं, "साहेब, पहिले हजार किलोमीटर हळू चालवा, लांब जाऊ नका, डबल सीट तर नकोच." पण सासूबाईंनी देवीला नारळ बोललेला. मग काय, पाचव्या दिवशी आम्ही तुळजापूरच्या वाटेवर! हे पुढे, मी मागे एका बाजूला पाय सोडून, धाकटा दोन वर्षांचा माझ्या मांडीवर.

जाताना काही झालं नाही. येताना घाट उतरलो, सपाट रस्ता लागला आणि ह्यांनी रेस वाढवली. बाराचं ऊन. तामलवाडीच्या अलीकडे इंजिनाचा आवाज एकाएकी घुसमटला, कुणी तोंडावर उशी दाबावी तसा. आणि मागून कुणी गाडी ओढून धरावी तशी ती थबकली. मागचं चाक घसरत, फरफटत गेलं. ह्यांनी नशिबाने त्याच क्षणी क्लच दाबला, चाक सुटलं आणि आम्ही कडेच्या मातीत जाऊन थांबलो. पडलो नाही, एवढंच. पोर मात्र शांत झोपलेलं!

याला म्हणतात गाडी 'सीझ' होणे. ते का होतं, हे आपल्याला पुरुषांपेक्षा लवकर कळेल. पेल्यात पेला अडकला की आपण काय करतो? आतल्यात गार पाणी घालतो आणि बाहेरचा गरम पाण्यात धरतो. आतला आकसतो, बाहेरचा फुगतो, पेला सुटतो. इंजिनात याच्या नेमकं उलट होतं. आतला पिस्टन अ‍ॅल्युमिनियमचा, बाहेरचा सिलिंडर बीडाचा. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम बीडापेक्षा जास्त फुगतं. दोघांमध्ये तेलाचा पातळ थर आणि केसाएवढी फट असते म्हणून चालतं. तेल कमी पडलं किंवा नव्या बोअरमुळे फट अजून घट्ट असली, की पिस्टन आतच चिकटतो.

दोन स्ट्रोकच्या गाडीला हा धोका जास्त. तिच्या पिस्टनला लागणारं तेल पेट्रोलमधूनच जातं. घाट उतरताना रेस बंद असते, म्हणजे पेट्रोल जवळजवळ जात नाही, म्हणजे तेलही नाही. इंजिन मात्र चाकाच्या जोरावर गरगर फिरत असतं. म्हणून जुने लोक उतारावरही मधून मधून थोडी रेस देत असत. ती हौस नव्हती, त्यामागे हे कारण होतं.

तेव्हा मागे बसणाऱ्या भगिनींनो, एवढं एक ध्यानात ठेवा. चालत्या गाडीचा आवाज एकदम दबला आणि गाडी आपोआप मंदावू लागली तर लाजू नका, मोठ्याने म्हणा, "अहो, क्लच दाबा!" मग कडेला थांबा आणि अर्धा-पाऊण तास इंजिनाला हात लावू नका. लगेच किक मारली तर चिकटलेला पिस्टन सिलिंडर ओरबाडून काढतो आणि आठवड्यापूर्वीचं बोअर वाया जातं. तापल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी तर अजिबात ओतू नका. आम्ही त्या दिवशी टेंपोत गाडी घालून घरी आलो. नारळ मात्र पोचला होता, म्हणून सासूबाई काही बोलल्या नाहीत.

आता तुमच्या दारातली गाडी कुठल्या जातीची, ते आधी विचारून घ्या. म्हैसूरला 1961 पासून 1996 पर्यंत बनलेल्या जावा-येझदी दोन स्ट्रोकच्या. 'बॉबी' सिनेमात 1973 साली ऋषी कपूरने पळवली ती छोटी राजदूत, दूधवाल्यांची मोठी राजदूत आणि 1985 ची यामाहा आरएक्स 100, याही दोन स्ट्रोकच्याच. मद्रासची बुलेट आणि 1985 पासूनच्या हिरो होंडा चार स्ट्रोकच्या. दोन स्ट्रोकला पेट्रोलबरोबर जळणारं तेल लागतं. चार स्ट्रोकचं तेल इंजिनाच्या पोटात फिरत राहतं, ते ठराविक किलोमीटरनंतर बदलायचं असतं. एकीला लावायचा नियम दुसरीला लावला की घोटाळा झालाच.

आता पत्रांकडे वळते. विजापूर रोडचं पत्र दोन महिन्यांपूर्वीचं आहे. त्या भगिनीला मी तेव्हाच कळवलं होतं, म्हणून आज निकालासकट सांगता येतंय.

त्यांची गाडी सकाळी एका किकला चालू होते. आठ-दहा किलोमीटर झाले की दुपारी बंद पडते आणि अर्ध्या तासाने पुन्हा चालू होते. आता गंमत बघा. मेकॅनिककडे ती जाते दुसऱ्या दिवशी सकाळी, थंड असताना! तिथे शहाण्यासारखी चालते. मग तो बिचारा अंदाज बांधणार, आणि अंदाज नेहमी मोठ्या कामाचाच असतो. मी लिहिलं, "गाडी बंद पडली की सगळ्यांत आधी पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडायला सांगा. 'सूं' असा हवा आत गेल्याचा आवाज आला आणि गाडी चालू झाली, तर इंजिनाला काही झालेलं नाही."

टाकीच्या झाकणाला हवेसाठी बारीक भोक असतं. पेट्रोल खाली जाईल तसतशी वरून हवा आत यायला हवी. दुधाच्या डब्याला एकच भोक पाडलं तर दूध थांबून थांबून पडतं, तसंच हे. आपल्याकडची धूळ आणि झाकणाचा गंज त्या भोकात बसला की पेट्रोल उतरत नाही आणि गाडी धापा टाकत थांबते. उभी राहिली की हळूहळू हवा शिरते आणि ती पुन्हा चालते. सगळ्यांना वाटतं, इंजिन तापलं!

त्या भगिनीकडे झाकण टाचणीने साफ केलं. बंद पडणं कमी झालं, पण थांबलं नाही. भर उन्हात आठवड्यातून एकदा तरी पडायचीच. मग दुसरी शंका विजेच्या ठिणगीची. प्लगला ठिणगी देणारी कॉइल जुनी झाली की थंड असताना काम करते आणि तापली की रुसते. अगदी जुन्या गाड्यांत पॉइंट आणि कंडेन्सर असतात, त्यांचीही हीच खोड. मे महिन्यात आपल्याकडे पारा बेचाळीस-त्रेचाळीसला जातो, तेव्हा या कॉइलचा जीव जाणारच. यावर इलाज एकच. गाडी बंद पडेल तेव्हा, तापलेली असतानाच, ढकलत का होईना मेकॅनिककडे न्यायची आणि ठिणगी तिथल्या तिथे बघायला लावायची. त्यांनी तसं केलं. ठिणगी नव्हती. नवी कॉइल आणि मजुरी मिळून खर्च हजाराच्या आत आला. मुलीची फी वेळेवर भरली गेली.

पूर्व भागातल्या भगिनीचं त्याहून सोपं निघालं. त्यांच्या घरचे यंत्रमागाचे गठ्ठे गाडीवरून पोचवतात. गाडी काळा धूर सोडते, पेट्रोल जास्त खाते आणि चढावर दम टाकते. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. त्या भागात राहणाऱ्यांना ठाऊक आहे, मागाजवळच्या घरात कापसाची रुई कशी खिडकीच्या जाळीवर, पंख्यावर, देवाच्या फोटोवर बसते. तीच रुई गाडीच्या नाकात जाते. गाडीचं नाक म्हणजे एअर फिल्टर. त्यांनी तो उघडला तर आत, त्यांच्याच शब्दांत, "एक वात वळता येईल" एवढी रुई!

फिल्टर स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन सावलीत पूर्ण वाळवावा, वर चार थेंब इंजिन ऑइल लावून पिळावा आणि बसवावा. कागदाचा असेल तर धुवायचा नाही, बदलायचा. काहीजण फिल्टर पेट्रोलने धुतात. तसं करू नका. विशेषतः न्हाणीघरात नाही आणि गॅसच्या आसपास तर मुळीच नाही. पेट्रोलची वाफ जमिनीसरशी पसरते, आपल्या लक्षातही येत नाही.

राहिलं बार्शीचं पत्र. इथे मात्र मला मेकॅनिकची बाजू घ्यावी लागतेय. गाडी चार स्ट्रोकची. सायलेन्सरमधून निळसर धूर सतत येतो, रेस दिली की जास्त. किक हलकी झाली आहे, "मुलगासुद्धा हाताने दाबतो". पंधरवड्याला ऑइल कमी होतं, ते हे वरून घालतात. वर्षभरात तीन प्लग बदलले. मेकॅनिक म्हणाला, "वहिनी, इंजिन आतून बोलायलंय बघा, उतरवावं लागतंय." त्यांना वाटतंय, हा लुबाडतोय.

नाही हो! निळा धूर म्हणजे आत तेल जळतंय. हा धूर सकाळी चालू करताना क्षणभर येऊन थांबत असता, तर बहुधा व्हॉल्व्हची छोटी रबरी सीलं गेली असती. ते काम लहान. पण चालताना सतत धूर, शिवाय किक हलकी, म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या. किकमध्ये जो जोर लागतो तो आत दाबल्या जाणाऱ्या हवेचा असतो. रिंगा झिजल्या की हवा बाजूने निसटते आणि तेल वर येतं. प्लग काळा, तेलकट, ओला होतो तो त्यामुळे. तो कितीही बदला, पुन्हा तसाच होणार. भोक पडलेल्या पातेल्याखाली रोज नवं फडकं घालण्यासारखंच ते.

फक्त काम देताना दोन गोष्टी विचारा. पहिली, नुसत्या रिंगा भागतील की बोअर करावं लागेल? हे डोळ्यांनी नाही, माप घेऊन ठरतं. माप घ्यायला सांगा. बोअर केलं की पिस्टन पाव, अर्धा, पाऊण अशा मिलिमीटरच्या पायऱ्यांनी मोठा येतो. शेवटच्या पायरीनंतर नवी स्लीव्ह बसवावी लागते. तुमची गाडी कुठल्या पायरीवर आहे, हे वहीत लिहून ठेवा. दुसरी, काढलेले जुने भाग घरी आणा. जुना पिस्टन, रिंगा, चेन, सगळं एका पिशवीत. चांगल्या मेकॅनिकला याचा राग येत नाही. आमचे मेकॅनिक तर आता न मागता पिशवी देतात आणि वर म्हणतात, "घ्या वहिनी, भांडीवालीला द्या."

आणि त्याआधीही एक. गाडी पंधरा वर्षांवरची असेल तर आर.टी.ओ.त नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, ते कागदावर बघा. ते पाच-पाच वर्षांसाठी मिळतं आणि त्याला गाडी दाखवावी लागते. कागद मेलेले असताना इंजिनात पैसे घालू नका.

आवाजांचं थोडक्यात सांगते. शिवणयंत्रासारखी हलकी टिकटिक वरच्या बाजूने येत असेल तर टॅपेट, अर्ध्या तासाचं काम. बाजूने खरखर, साखळी फरशीवर ओढल्यासारखी, असेल तर टायमिंग चेन. ती लांबवू नका. पण खोलवरून, चढावर किंवा डबल सीट असताना 'ठक ठक' असा जड आवाज येऊ लागला, तर तो पिस्टनचा दांडा धरणाऱ्या बेअरिंगचा असू शकतो. अशा गाडीवर त्या दिवसापासून बसायचं नाही, पंढरपूर तर राहोच, भाजीलाही नाही.

दोन स्ट्रोकच्या गाडीत थोडा धूर असणारच, त्याला घाबरू नका. पण धुराचे लोट येऊ लागले, गिअरबॉक्सचं तेल कमी होतंय आणि खाली फरशीवर मात्र डाग नाही, तर ते तेल जातंय कुठे? आतलं ऑइल सील फाटलं की गिअरबॉक्सचं तेल इंजिन पिऊन टाकतं. दुसऱ्या बाजूचं सील फाटलं तर तेलाऐवजी हवा आत शिरते, गाडी रेस न देताच आपोआप पळू लागते आणि तापते. हे दुसरं जास्त वाईट, कारण त्याची अखेर आमच्या तामलवाडीसारखी होते. 'आज गाडी काय छान पळतेय' असं हे म्हणाले तर तुम्ही जरा कान द्या!

तुम्हाला वाटेल, हे सगळं आपल्याला कसं जमायचं? अहो, कुकरच्या शिट्टीवरून आतली डाळ शिजली की नाही हे ओळखणाऱ्या आपण. रोज सकाळी त्या गाडीची किक कोण ऐकतं? काल दोन किकला चालू होणारी आज सहा घेतेय, हे पोळ्या लाटता लाटता आपल्याला कळतं. चालवणाऱ्याला हळूहळू त्याची सवय होते. माझ्या पिठाच्या डब्यावरच्या कॅलेंडरवर मी 'ऑइल' असं लिहून तारीख टाकते, गॅसच्या सिलिंडरची टाकते तशी. चार स्ट्रोकच्या गाडीचं तेल दर पंधरा दिवसांनी, गाडी मधल्या स्टँडवर सपाट जागी उभी करून, पट्टीवर बघावं. जुनं इंजिन तेल पितं आणि बोलत नाही. कमी तेलाचा पहिला मार वरच्या कॅमला बसतो.

एक नवी अडचण आहे, ती मात्र आमच्या काळी नव्हती. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपला सोलापूर जिल्हा साखर कारखान्यांचा, तेव्हा या इथेनॉलशी आपलं नातं जवळचंच! उसाला गिऱ्हाईक मिळालं, चांगलंच झालं. पण इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, वायसर या मिश्रणासाठी बनवलेले नाहीत. ते फुगतात किंवा तडकतात. 2018 साली जावा आणि 2022 साली येझदी नव्या रूपात बाजारात आल्या, तेव्हापासून घरोघरची पोरं जिन्याखालच्या आजोबांच्या गाड्या बाहेर काढताहेत. आमच्याकडेही तेच झालं. मांडीवर झोपलेला तो धाकटा आता गाडी पुसत बसतो! अशा गाडीची पेट्रोलची नळी आधी बदला, टाकीत गंजाचा कीस आहे का बघा. आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून, आपोआप थांबेपर्यंत इंजिन चालू ठेवा, म्हणजे कार्बोरेटरमध्ये पेट्रोल साचून चिकट होणार नाही. नळी तडकून पेट्रोल ठिबकत असेल तर गाडी घरात, देवघराच्या किंवा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावून ठेवू नका.

शेवटी, पूर्व भागातल्या त्याच भगिनीने ताजा कलम म्हणून विचारलंय, चेनचं काळं ग्रीस साडीच्या काठाला लागलं तर काय करावं? आधी पाणी लावू नका, डाग पसरतो. डागाखाली जुनं फडकं ठेवून वर अंगाला लावायची पावडर भरपूर दाबून टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी झटकून भांडी घासायचा पातळ साबण बोटाने चोळा, दहा मिनिटांनी कोमट पाण्याने धुवा. सुती साडीचा आणि आपल्या सोलापुरी चादरीचा डाग दोन वेळा केल्यावर बहुतेक निघतो. रेशमी असेल तर पावडरीपर्यंतच थांबा आणि पुढचं काम ड्रायक्लीनरला द्या. डाग कशाचा आहे, तेही त्याला सांगा.